वाळूत खुर्ची उभी राहत नाही

दोनशे खुर्च्या, असं एफुआनं वहीत लिहिलं
आणि खाली रेघ मारली.
मी म्हटलं, आधी एक आणून बघ.
आणली. मावशी बसली.
मागचे दोन पाय सावकाश रुतत गेले,
मावशी आभाळाकडे बघत मागे मागे निघाली
आणि तशीच, हात मांडीवर ठेवून, म्हणाली,
"चर्चला फरशी आहे."

आमच्या गावात समुद्रावर कुणी लग्न करत नाही.
समुद्रावर काम असतं.
होड्या ओढणं, जाळी सांधणं, मासळीला धुरी देणं,
उधारीवरून भांडणं,
आणि पहाटे, अंधार आहे तोवर,
जे उघड्यावर उरकायचं तेही.
तिला हे माहीत नाही थोडंच? इथंच वाढली.
पण ताकोराडीच्या बँकेत चार वर्षं काचेआड बसून
समुद्र तिला नुसता बघायचा वाटायला लागलाय.
एबोचं काय, तो तिला हो म्हणतो.
"म्हणून तर करतेय त्याच्याशी," आई म्हणते.

मी शिवणकाम करते. मला काळजी झग्याची.
ओल्या वाळूत पांढरं कापड कसं पाणी पितं, मला विचारा.
काठ घोट्याच्या वर चार बोटं हवा.
एफुआ म्हणते, दोन.
मी म्हणते, चार.
तोंडात टाचण्या धरून भांडता येत नाही,
म्हणून तीनवर मिटलं.

मग वार.
शनिवारी मोठं जाळं ओढतात.
पन्नास माणसं, दोन दोर,
आणि त्यातला एक नेमका तिथून जातो
जिथं वहीत 'नवरीची वाट' लिहून
तिनं दोन्ही बाजूंना फुलं काढलीत.
मंगळवारी किनारा मोकळा, एक होडी पाण्यात नसते.
पण मंगळवार समुद्राचा. त्या दिवशी त्याला त्रास द्यायचा नाही.
"लग्नाचा कसला त्रास?" एबोनं विचारलं.
आई त्याच्याकडे बघून पहिल्यांदाच हसली.

मी मंगळवारची. माझं अराबा हे नावच त्या वाराचं.
लहानपणी वाटायचं,
समुद्राला ही सुट्टी माझ्यामुळे मिळते.

काल संध्याकाळी गेलो क्वामेना ओटूकडे.
सगळ्या होड्यांवर त्याचा शब्द चालतो.
रीतीप्रमाणे बाटली नेली.
त्यानं थोडी जमिनीवर सांडली,
उरलेली आपल्या बाजूला सरकवली, वही मागितली.
वाचता येत नाही त्याला. चित्रं बघितली.
फुलांवर बोट ठेवलं. "हे काय?"
"वाट."
"इथून दोर जातो."
"माहीत आहे."
मग बराच वेळ काही नाही.
बाहेर कुणीतरी कोंबड्या हाकत होतं.
"शनिवारी करा," तो म्हणाला.
"जाळं थांबणार नाही, मासळीला पत्रिका देता येत नाही.
पण वेळ जुळली तर पाहुण्यांनी दोर धरायचा.
सगळ्यांनी. पाद्रीनंसुद्धा.
ओढणाऱ्याचा वाटा असतो, तो ज्याला त्याला मिळेल."

परत येताना एफुआ एक शब्द बोलली नाही.
मला वाटलं, आता घरी जाऊन रडणार.
दिव्याखाली वही उघडली.
दोनशे खोडून वीस केलं: म्हाताऱ्यांना, खाली फळ्या टाकून.
फुलं तशीच ठेवली.
त्यांच्या मधून, आडवी,
एक जाड रेघ ओढली.
आणि समासात, बारीक अक्षरात:
टोपल्या. बर्फ. हात पुसायला काहीतरी.

मी झगा पुन्हा मशीनवर घेतला.
चार बोटं. या वेळी तिनं विचारलंच नाही.
पण बाह्या? दोर ओढताना काखेत उसवणार.
वीतभर कापड उरलं होतं, त्याची पाचर घातली.
हात वर कर, म्हटलं. केले.
आता ओढ.
तिनं हवाच मुठीत धरली, पाय रोवले
आणि ओढली.
शिवण टिकली.